बारा फूट दोन इंच

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर चुका काढण्यासाठी. खोली केवढी होती, जिन्याला पायऱ्या किती, आवाज किती लांबून आला... लिहिणाऱ्याने असं काही दिलं असेल, तर मी मनातल्या मनात गणित मांडायचो. बहुतेक वेळा ते कुठेतरी फसायचंच. मग पान उलटायचो. सिंहगड रोडवरच्या एका बांधकाम कंत्राटदाराच्या ऑफिसात मी तीस वर्षं क्वांटिटी काढतोय. नकाशा समोर घ्यायचा आणि फरशी किती लागेल, सिमेंट किती, वाळू किती, तुटफूट किती धरायची, ते सांगायचं. ज्याचं माप घेता येत नाही ते माझ्या लेखी नसतं, असं मी घरीसुद्धा म्हणायचो. बायको हसायची.

माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आज आहे का? ते मला ठरवता आलेलं नाही. पण माझ्याकडे एक माप आहे, जे मला एकट्याला घेता येणं शक्यच नव्हतं. म्हणून लिहितोय.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. धायरी फाट्यापासून आत गेलं की जी जुनी वसाहत लागते, तिथे दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. आत शिरल्यावर हॉल, उजव्या हाताला स्वयंपाकघर, सरळ गेलं की समोर आमची बेडरूम आणि डावीकडे मुलीची, केतकीची खोली. आम्ही घर घेतलं तेव्हा आजूबाजूला अजून ज्वारीची शेतं होती.

गणपती गेले आणि चौथ्या दिवशी माझी बायको मीनल गेली. सत्तेचाळीस वर्षांची होती, प्राथमिक शाळेत शिकवायची. सकाळी डबे भरताना "डोकं फार दुखतंय हो" म्हणाली आणि ओट्याला धरून खाली बसली. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. तीन दिवस दवाखान्यात होती, शुद्धीवर आली नाही.

मला काही झालं नाही. हे मी नीट सांगू इच्छितो, कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. मी रडलो नाही. तेराव्याला पानं किती मांडायची ते मीच सांगितलं, आणि एकही कमी-जास्त झालं नाही. पंधराव्या दिवशी ऑफिसला गेलो. लोक म्हणाले, धीराचा माणूस आहे. धीर वगैरे काही नव्हता. दात काढण्यापूर्वी इंजेक्शन दिलं की गाल कसा होतो – असतो आपलाच, पण चावला तरी कळत नाही – तसं सगळंच झालं होतं. जेवत होतो, झोपत होतो, पेपर वाचत होतो.

केतकी तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ती तिच्या खोलीत दार लावून रडायची. मला ऐकू यायचं. मी उठून कुकर लावायचो.

असे सात-आठ महिने गेले. एप्रिलमध्ये एका दुपारी हॉलमध्ये फाडकन आवाज झाला. बघतो तर मधल्या चार फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या उभ्या राहिल्या होत्या. उन्हाळ्यात असं होतं, खालची पकड सुटलेली असली की. मी दत्तू मिस्त्रींना बोलावलं. ते धायरी गावातलेच, पूर्वी शेती होती, आता फरशीची कामं घेतात. त्यांनी थापीच्या दांड्याने सगळ्या खोल्या ठोकून पाहिल्या.

"साहेब, समदी पोकळ हाय. हॉल, किचन आन् ही आतली खोली. ताईंच्या खोलीत आपण नवी टाकली ती तेवढी पक्की हाय. आज न्हाय तर उद्या उचलणारच ही."

"मग बदलून टाकू."

केतकी दारात उभी होती. मिस्त्री गेल्यावर म्हणाली, "बाबा, आत्ता नको ना."

"का?"

"आईने पुसलेली फरशी आहे ती."

"पोकळ आहे," मी म्हणालो.

 मला खरंच त्याहून वेगळं उत्तर सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी मापं घ्यायला काढली. केतकी खडकीला तिच्या मैत्रिणीकडे गेली होती, घरात मी एकटाच. साधारण अकरा वाजले असतील. लख्ख ऊन होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचा आवाज येत होता.

घरात माझा जुना कापडी टेप आहे, पन्नास फुटी. गोल चामडी डबी आणि टोकाला पितळी कडी. या टेपला दोन माणसं लागतात. एकाने कडी भिंतीशी दाबून धरायची, दुसऱ्याने ओढून वाचायचं. आमच्या घरात कडी धरायचं काम मीनलचं. हा फ्लॅट ताब्यात घेतला तेव्हा प्रत्येक खोली आम्ही दोघांनी अशीच मोजली होती. पुढे पडदे, कपाटं, केतकीची अभ्यासाची टेबलं, सगळं असंच. मी "धरलंस?" म्हणायचो, ती "धरलंय हो, ओढा" म्हणायची. वाचून झालं की मी "सोड" म्हणायचो.

त्या दिवशी धरायला कोणी नव्हतं म्हणून मी वरवंटा घेतला. हॉलच्या खिडकीखाली भिंतीला कडी लावली, तिच्यावर वरवंटा ठेवला आणि टेप ओढत दारापर्यंत आलो. सोळा फूट तीन इंच. मग रुंदी, दहा फूट चार. वहीत लिहिलं.

मग बेडरूममध्ये गेलो. दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो, डबी हातात. टेप समोर पसरलेला होता. सवयीने म्हणालो, "धरलंस?" आणि ओढला.

टेप ताणला गेला.

झोळ नव्हता. मी वाचलं... बारा फूट दोन इंच. वहीत लिहिलं. "सोड" म्हणालो. टेप सैल झाला, मी गुंडाळत गेलो, कडी घसरत माझ्या पायाशी आली.

या सगळ्यात मला काही वेगळं वाटलं नाही. हे मला नंतर सगळ्यात जास्त खटकलं. जसं दर वेळी व्हायचं तसंच झालं होतं, म्हणून लक्षातच आलं नाही. रुंदी घ्यायला उठलो आणि कडीवर ठेवायला वरवंटा शोधू लागलो. तो खोलीत नव्हता. स्वयंपाकघरात पाहिलं, तिथेही नव्हता. हॉलमध्ये गेलो. रुंदीच्या वेळी जिथे ठेवला होता तिथेच, भिंतीशी, होता. मी तो बेडरूममध्ये नेलाच नव्हता.

मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मग परत बेडरूममध्ये गेलो, तसाच बसलो, टेप पसरला. "धरलंस?" म्हणालो. घरात कुणी नसताना मोठ्याने बोलणं विचित्र वाटतं, पण म्हणालो. ओढला. सगळा टेप सरसरत माझ्या मांडीवर आला. तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

घाबरलो नाही. आनंदही झाला नाही. काय व्हायला हवं होतं ते मला समजत होतं, पण ते होत नव्हतं. मग मी वरवंटा आणून बेडरूमची रुंदी घेतली – बरोबर दहा. स्वयंपाकघर घेतलं, साडेनऊ बाय आठ. डायनिंग टेबलावर बसून आकडेमोड केली. तीन खोल्या मिळून तीनशे सहासष्ट चौरस फूट, दहा टक्के तुटफूट धरून चारशे दोन. दोन बाय दोनची फरशी, एका बॉक्समध्ये चार नग, म्हणजे सोळा चौरस फूट. पंचवीस बॉक्स पुरत नाहीत, सव्वीस घ्यायचे.

सव्वीसच्या खाली रेघ ओढली, तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. बेडरूमच्या त्या पलीकडच्या भिंतीला आमचं लोखंडी कपाट आहे. तीन दारांचं, गच्च भरलेलं. त्यामुळे जमिनीवरून माप घेतलं तर ते कपाटापर्यंत यायला हवं, भिंतीपर्यंत नाही. मी उठून कपाटाची खोली मोजली. पुढच्या पायापासून मागच्या भिंतीपर्यंत एकोणीस इंच. म्हणजे मला दहा फूट सात इंच मिळायला हवे होते. मला मिळाले होते बारा फूट दोन. कपाट चार बोटं उंचीच्या पायांवर उभं आहे, टेप त्याच्या खालून जाऊ शकतो. पण कडी मागच्या भिंतीशी दाबून धरायला माणसाचा हात तिथे पोचत नाही.

टेपचं टोक तिथवर कसं गेलं, ते मला आठवत नाही. मीच सरकवलं असेल. हे प्रामाणिकपणे सांगतो.

केतकीला सांगायचं की नाही, असं काही मी ठरवलं नाही. संध्याकाळी जेवताना आधी सव्वीस बॉक्स सांगितले आणि मग हेही सांगितलं. एकाच आवाजात सांगितलं असणार.

तिचा घास हातातच राहिला. "बाबा, हे तू काय बोलतोयस?"

"झालं ते सांगतोय."

"तुला आधीचं माप आठवत असेल. आपलंच घर आहे."

"नकाशात बारा फूट सरळ आहे. मला बाराच आठवत होतं."

तिने घास ताटात ठेवला. मग हळू आवाजात विचारलं, "ताणलेला होता? नीट?"

"हो."

"मी धरला की तू नेहमी ओरडायचास, झोळ पडतोय म्हणून."

"झोळ नव्हता."

ती ताटावरून उठली. हात धुतला, टेप घेतला आणि बेडरूममध्ये जाऊन दार लोटलं. आठ वाजले असतील. मला आतून तिचा आवाज येत होता. "आई, धर... धर ना गं." मग टेप घसरल्याचा आवाज. पुन्हा "आई..." पुन्हा टेप. मी पॅसेजमध्ये उभा होतो. आत जायला हवं, हे कळत होतं. मी तिचं ताट झाकून ठेवलं, भांडी घासली, ओटा पुसला.

तासाभराने ती बाहेर आली. चेहरा सुजलेला.

"मी रोज हाक मारते तिला," ती म्हणाली. "रोज. आठ महिने. तू एकदा तरी मारलीस?"

"नाही."

"आणि तिने धरलं कुणासाठी, तर तुझ्यासाठी. तेही फरशीसाठी!" ती हसल्यासारखं करत म्हणाली. मग एकदम थांबली. "आणि तू काय केलंस, बाबा? तू 'सोड' म्हणालास."

 ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून खडकीला गेली. मैत्रिणीचे वडील तिथल्या फॅक्टरीत, क्वार्टर मोठं. परीक्षा जवळ आली आहे, दोघी मिळून अभ्यास करू, असं मला कारण दिलं. मी बस स्टॉपपर्यंत सोडायला गेलो. बस आली तेव्हा "जेवत जा वेळेवर" एवढं म्हणाली, ते बहुधा मीनल म्हणायची म्हणून.

फरशी आली, काम सुरू झालं. मी दत्तू मिस्त्रींना सांगितलं, बेडरूम सगळ्यात शेवटी घ्या. त्यांना वाटलं मला झोपायला खोली हवी आहे. माझ्या मनात वेगळं होतं. ते कपाट हलल्यावर मागे काय आहे ते मला बघायचं होतं. भिंतीच्या खालच्या पट्टीत एखादी फट असेल, बाहेर आलेला खिळा असेल, त्यात कडी अडकली असेल. पहिल्यांदा ओढल्यावर अडकली आणि नंतर निसटली. असं होऊ शकतं. साइटवर मी पाहिलं आहे. इतकं साधं उत्तर असेल तर केतकीला सांगता येईल, असं मला वाटत होतं. ते तिला बरं वाटेल की वाईट, हे मात्र सांगता आलं नसतं.

आदल्या दिवशी तिला फोन केला. "उद्या बेडरूमचं कपाट हलवतोय. तू असावंस असं वाटलं."

तिने फोन ठेवला. सकाळी नऊ वाजता दारात होती.

कपाट रिकामं करायला आम्हाला दोन तास लागले. मीनलच्या साड्या केतकीने एकेक करून तिच्या खोलीत नेल्या, मला हात लावू दिला नाही. मग मिस्त्री आणि त्यांचे तीन गडी अशा चौघांनी मिळून कपाट उचलून हॉलमध्ये नेलं. मिस्त्रींनी खिशातला लोखंडी टेप काढला, गड्याला एक टोक धरायला लावलं आणि भिंत ते भिंत माप घेतलं.

"बारा-दोन. लई पक्कं माप घेतलंय साहेब तुम्ही." मग ते थांबले. "पर कपाट न हलवता घेतलं कसं?"



मी भिंतीपाशी गेलो. खाली चार इंच उंचीची फरशीचीच पट्टी आहे. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड होती. फट नव्हती, खिळा नव्हता, कोपरा फुटलेला नव्हता. मी नखाने चाचपून पाहिलं. गुळगुळीत.

"बाबा," केतकी म्हणाली. "खाली बघ."

कपाट होतं तिथे वर्षानुवर्षांची धूळ साचली होती, मऊ, राखाडी. त्या धुळीत एक रेघ होती. अर्ध्या इंचाची, टेपच्याच रुंदीची, सरळ भिंतीपर्यंत गेलेली. भिंतीला टेकली होती तिथे संपली होती. तिच्या आजूबाजूला काहीही नव्हतं. बोटाचा ठसा नाही, तळव्याचा नाही, काही पुसल्याची खूण नाही.

एक गडी झाडू घेऊन आला. "ताई, झाडून घेऊ का?"

"एक मिनिट थांबा," केतकी म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. पण ते गड्यांना म्हणाले, "चला रं, चहा घेऊन येऊ," आणि तिघांना घेऊन खाली गेले.

केतकी त्या रेघेजवळ जमिनीवर बसली. "इकडे ये ना," म्हणाली. मला खाली बसायला त्रास होतो, गुडघे दुखतात. भिंतीचा आधार घेऊन बसलो. ती रडत होती, आवाज न करता. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मीनल गेल्यापासून आम्ही इतके जवळ बसलोच नव्हतो.

"तुला खरंच काही वाटत नाही का रे?" तिने विचारलं. रागाने नव्हे.

"नाही," मी म्हणालो. "वाटायला हवं. पण नाही वाटत."

"कधीपासून?"

"दवाखान्यापासून."

तिने डोळे पुसले. "वाटायला लागलं की मला सांगशील?"

"सांगेन."

"नक्की?"

"नक्की."

थोड्या वेळाने माणसं परत आली. केतकीने स्वतःच झाडू घेतला आणि ती जागा झाडली. दुपारपर्यंत जुनी फरशी उखडून झाली होती. ती पुन्हा खडकीला गेली नाही. बॅग आणायला तेवढी गेली, संध्याकाळी परत आली.

नंतर मी हे सगळं नाना प्रकारे तपासलं. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कपाटाखाली टेप सरकवून पाहिला. मोकळी कडी गुळगुळीत फरशीवर ताण घेत नाही, घेऊच शकत नाही. मला भास झाला म्हणावं, तर भासातला आकडा मिस्त्रींच्या टेपने इंचासकट कसा जुळला? आणि धुळीतली रेघ तर चार परक्या माणसांच्या देखत होती. मीच टेप आत सरकवला असेल, हे मी मान्य करतो. पण सरकवलेला टेप कोणीतरी धरावा लागतो. ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलं, ते म्हणाले, दुःखात माणसाचं मन काय काय करतं. मी म्हणालो, मला दुःख वाटत नव्हतं, हीच तर अडचण होती. त्यांनी विषय बदलला.

आणखी एक सांगून थांबतो. त्यानंतर सात महिन्यांनी, कामाच्या दिवशी, मी मांजरी गावाजवळ एका नव्या इमारतीच्या साइटवर होतो. शेजारी ऊस उभा होता. विशेष काही घडलं नाही, कोणी काही बोललं नाही. मी चौथ्या मजल्याच्या बाथरूमच्या फरशीचा हिशोब काढत होतो, आणि मला आकडे दिसेनासे झाले. आधी वाटलं चष्मा. मग समजलं. मी वही बंद केली, कॉलेजमध्ये असलेल्या केतकीला फोन लावला आणि म्हणालो, "वाटायला लागलंय."

ती म्हणाली, "कुठे आहेस? तिथेच थांब. मी येते."

तिला यायला दीड तास लागला. तोवर मी विटांच्या थप्पीवर बसून होतो आणि साइटवरची माणसं मला वळसा घालून जात होती. तो दिवस का, ती जागा का... तेही मला सांगता येणार नाही.